मेदसंप्रेरके आणि मधुमेह

मेदसंप्रेरके : चरबीच्या पेशींतून रक्तात स्रवणारी संप्रेरके. स्थूलता आणि प्रकार-२ मधुमेह यांच्यातील एक महत्त्वाचा दुवा. चरबी ही केवळ ऊर्जेची कोठी, हा समज १९९० नंतर मोडला. १९९३ मध्ये स्थूल उंदरांच्या चरबीत टीएनएफ-आल्फा हा दाहकारक घटक सापडला. तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिनचा जनुक शोधला.

लेप्टिन : पोट भरल्याचा निरोप मेंदूला देते. बहुतेक स्थूल व्यक्तींत ते कमी नसते, उलट भरपूर असते. मेंदूच दाद देत नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिन : चरबी वाढली की हे घटते. यकृतातील ग्लुकोजनिर्मितीला ते आवर घालते आणि स्नायूंमध्ये इन्सुलिनला साथ देते. ते कमी पडले की स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन तयार करावे लागते. स्वादुपिंड थकले की मधुमेह उघड होतो. पायोग्लिटाझोन या औषधाने अ‍ॅडिपोनेक्टिन वाढते.

रेझिस्टिन : शोध २००१, उंदरांत. माणसातील भूमिका वादग्रस्त.

महाराष्ट्रातील संशोधन : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. येथील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोट लहान. मात्र खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच. मोठ्यांतही असाच फरक दिसतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावरचा विश्वास उडवायला हे एक छायाचित्र पुरे आहे. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी धरतात. पोटातील चरबी विशेष घातक.

गोंदिया जिल्हा : १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला धानाचा जिल्हा. रोवणीपासून चुरणीपर्यंत राबणाऱ्या सडपातळ माणसाने ‘मला कुठून शुगर?’ म्हणून तपासणी टाळू नये, हा पुण्याच्या अभ्यासाचा येथे लागू पडणारा अर्थ. दुसरी अडचण रक्ताची. पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी नेहमीच्या १२० दिवसांच्या आतच नष्ट होतात. त्यामुळे ‘तीन महिन्यांची साखर’ (एचबीए१सी) प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. अशा रुग्णांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासावी.