टास्क मॅनेजरची चौकट हरवते तेव्हा

संगणक अडखळू लागला, की जाणत्या माणसाचा हात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळांकडे जातो. टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किंवा मेमरी अडवून बसला आहे, ते कळते. मात्र विंडोज ७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर ही खिडकी कधीकधी चमत्कारिक रूपात उघडते. शीर्षकपट्टी नाही, मेनू नाही, टॅब नाहीत, बंद करण्याची फुलीसुद्धा नाही. करड्या किनारीत फक्त एक यादी किंवा आलेख. संगणक पुन्हा सुरू केला तरी तेच. मग व्हायरसचा संशय येतो आणि 'फॉरमॅट मारून घ्या' असा सल्ला मिळतो. या सल्ल्यापायी हिशेबाच्या फायली आणि घरची छायाचित्रे गमावण्याची वेळ येऊ शकते. उपाय मात्र माउसच्या दोन क्लिकचा आहे.

वस्तुतः हा बिघाड नव्हेच. १९९६ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ४.० बरोबर टास्क मॅनेजर लोकांसमोर आला. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता डेव्ह प्लमर यांनी तो मुळात घरी बसून लिहिला होता. पडद्यावर कमीत कमी जागा व्यापून आकडे सतत डोळ्यांसमोर राहावेत, यासाठी त्यात चौकट लपवण्याची सोय ठेवली गेली. खिडकीच्या करड्या मोकळ्या किनारीवर डबल-क्लिक झाले, की ही सोय चालू होते. अडचण एवढीच, की तेथे तसे काही आहे याची कोणतीही खूण दिसत नाही. घाईत हात चुकतो, चौकट नाहीशी होते आणि प्रोग्रॅम ती निवड लक्षात ठेवत असल्यामुळे पुढच्या वेळीही तशीच उघडते. त्याच किनारीवर पुन्हा डबल-क्लिक करावे. सारे पूर्ववत होते. फुलीवाचून खिडकी बंद करायची असल्यास ऑल्ट आणि एफ-४ या कळा आहेतच.

एवढ्यानेही रूप सुधारले नाही, तर टास्क मॅनेजर आधी पूर्ण बंद करावा आणि कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट या कळा दाबून धरून पुन्हा उघडावा. त्याच्या सर्व सेटिंग मूळ स्थितीत येतात. ही युक्ती खुद्द प्लमर यांनीच सांगितलेली आहे.

व्हायरसची भीती मात्र अगदीच निराधार नाही. एक्सपीच्या काळात अनेक घातक प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडूच देत नसत. पण तेव्हा 'अॅडमिनिस्ट्रेटरने टास्क मॅनेजर बंद केला आहे' अशा अर्थाचा संदेश येई. तो संदेश दिसला, तर संगणक जरूर तपासून घ्यावा. कार्यालयातील यंत्रावर मात्र हे बंधन व्यवस्थापकाने मुद्दाम घातलेले असू शकते.

विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरचा चेहरामोहरा बदलला, तरी अशा चकव्यांतून सुटका झाली नाही. विंडोज १० मध्ये नुसतीच चालू प्रोग्रॅमची नावे दिसली, तर तळाशी असलेल्या 'मोअर डिटेल्स' या शब्दांवर क्लिक करावे. 'परफॉर्मन्स'मध्ये केवळ आलेखच उरला, तर त्यावर डबल-क्लिक करावे. आकडे गोठल्यासारखे वाटले, तर 'व्ह्यू' मेनूतील 'अपडेट स्पीड' हा पर्याय 'पॉज्ड'वर गेलेला नाही ना, ते पाहावे. कंट्रोलची कळ दाबलेली राहिली तरी यादी थबकते. अडकलेल्या कळेचा कीबोर्ड असल्यास हे सहज घडते.

खरा दोष आढळला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या एका ऐच्छिक अपडेटनंतर. फुलीवर क्लिक केल्यावर खिडकी नाहीशी होई, पण टास्क मॅनेजर पडद्याआड चालूच राही. प्रत्येक वेळी उघडल्यावर त्याची आणखी एक प्रत वाढे आणि संगणक मंदावे. यादीतील त्या प्रती निवडून 'एंड टास्क' करणे हा तात्पुरता इलाज होता. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये हा दोष दूर करण्यात आला.