स्पर्शचित्र

बोटांनी ‘पाहण्यासाठी’ उठावात घडवलेले चित्र. मुंबईतील ठळक उदाहरण पार्थो भौमिक यांच्या ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ उपक्रमाचे. ताडदेवच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेतील विद्यार्थ्यांसह तो २००६ मध्ये सुरू झाला. आवाज, ऊब आणि स्पर्श यांच्या आधारे दृष्टिहीनांनी टिपलेली छायाचित्रे प्रदर्शनात उठावचित्रे, ब्रेल मजकूर व ध्वनिवर्णनासह मांडली जातात. येथे दृष्टिहीन केवळ रसिक नसून स्वतः कलावंत आहेत, हे या उपक्रमाचे खरे मोल.

स्पर्शचित्राची एक सोपी पद्धत म्हणजे उष्णतेने फुगणारा कागद: त्यावरच्या काळ्या रेषा तापवल्या की वर येतात. मात्र छायाचित्रातला प्रत्येक तपशील उठावात आणला तर बोटे गोंधळतात. म्हणून सावल्या, मागची गर्दी गाळावी लागते. चेहरा, हात, झाडाचा बुंधा यांच्या कडा सुट्या ठेवाव्या लागतात. काय गाळावे, हे ठरवण्यातच कारागिराचे कसब.