अपसरणाधारित परिकल्पना चाचणी
दोन संभाव्यता वितरणांमधील तफावत मोजून परिकल्पना तपासण्याच्या सांख्यिकीय पद्धतीला अपसरणाधारित परिकल्पना चाचणी म्हणतात. तीत सॉलोमन कुलबॅक व रिचर्ड लायब्लर यांनी १९५१ साली मांडलेले अपसरण वापरता येते. नैसर्गिक लॉगॅरिदमने काढलेल्या अपसरणाला नमुनासंख्येच्या दुपटीने गुणले असता येणारे चाचणीफल, शून्य परिकल्पना खरी व नमुना मोठा असल्यास, स्थूलमानाने काय-वर्ग वितरण पाळते.

उदाहरण
समजा, ऊर्जानगर येथील औष्णिक वीज केंद्रात येणाऱ्या कोळशाचे राखेच्या प्रमाणानुसार चार वर्ग केले. २०० नमुन्यांचे ठरलेल्या वितरणापासूनचे अपसरण ०.०२ असेल, तर चाचणीफल ८ येते. ५ टक्के सार्थकता पातळीवरील मर्यादा ७.८१५ असल्याने ‘प्रत बदललेली नाही’ ही परिकल्पना नाकारली जाते. १०० नमुन्यांत तेवढ्याच अपसरणाचे फल ४ येते व ती नाकारता येत नाही. म्हणून निष्कर्षासोबत अपसरण व नमुनासंख्या दोन्ही नमूद करणे आवश्यक ठरते.