मोहोर आणि बर्फ : पाण्या-मातीच्या नमुन्यांचा प्रशासकीय इतिहास

काशीयात्रेहून परतणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात गंगेचा गडू असायचाच. तांब्याचा लहानसा गडू, त्याचे तोंड झाळून बंद केलेले. तो देवघरात वर्षानुवर्षे राही आणि घरातल्या कोणाच्या अखेरच्या क्षणी फोडला जाई. गंगेचे पाणी नासत नाही, या श्रद्धेवर तो गडू विसंबून होता. या श्रद्धेला एका सरकारी प्रयोगशाळेतून काहीसा दुजोराही मिळाला होता. आग्र्याचा रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन याने १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तीन तासांच्या आत मरतात आणि तेच पाणी उकळले तर हा गुण नाहीसा होतो, असे त्याने त्यात नोंदविले होते. पुढे १९१७ नंतर जंतुभक्षी विषाणूंची, म्हणजे बॅक्टेरियोफेजची, ओळख पटल्यावर हे निरीक्षण नव्या दृष्टीने वाचले गेले.

हॅन्किनच्या निबंधातली एक गोष्ट मात्र प्रशासनाच्या नजरेतून सहसा निसटते. पाणी उकळताच त्याचा गुण बदलला. म्हणजे भांड्यात घेतलेले पाणी आणि नदीतले पाणी या एकच वस्तू नव्हेत. भांड्यात आल्यावर आपण त्याचे काय करतो यावर ते काय सांगेल हे अवलंबून असते. आपल्या पर्यावरण कायद्यांच्या इतिहासात हे सत्य कधी आणि किती उमटले, हे पाहणे उद्बोधक ठरावे.

हॅन्किन ज्या पदावर होता, त्या पदापासून सुरुवात करू. रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये निघाली. त्यांचे मुख्य काम विषप्रयोगाच्या खटल्यांचे होते. शवविच्छेदनातून काढलेला व्हिसेरा बरणीत घालायचा, बरणीला लाखेची मोहोर करायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि शिपायाबरोबर ती परीक्षकाकडे रवाना करायची, अशी ही शिस्त होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१० ने परीक्षकाचा अहवाल त्याला साक्षीस न बोलावताही पुराव्यात वाचण्याची मुभा दिली. १९७३ च्या संहितेत तीच तरतूद कलम २९३ म्हणून आली. 'नमुना' ही कल्पना भारतीय प्रशासनात अशी पोलीस ठाण्याच्या दारातून शिरली. तिच्यामागचा मुख्य प्रश्न होता : ही बरणी तीच आहे का? वाटेत कोणी बदलली तर नाही?

दुसरे दार अन्नभेसळीच्या कायद्याचे. इंग्लंडच्या १८७५ च्या कायद्याने विकत घेतलेल्या जिन्नसाचे तीन भाग करून प्रत्येकावर खूण व मोहोर करण्याची पद्धत घालून दिली. आपल्या १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने तीच उचलली. पण येथे कायदेकर्त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. दूध नासते, हे त्यांना घरच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून १९५५ च्या नियमांत दुधाच्या नमुन्यात दर २५ मिलिलिटरमागे ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब, फॉर्मॅलिन घालावे, असे परिमाणासह लिहिले गेले. नमुना 'तोच' असणे पुरेसे नाही, तो 'तसाच' राहिला पाहिजे, हे तत्त्व नियमाच्या पुस्तकात आले ते दुधामुळे.

पाणी मात्र नासत नाही, असा आपला समज. आणि १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा वाचताना हा समज पानोपानी जाणवतो. या कायद्यापूर्वी ओरिसाने १९५३ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये आपापले कायदे केले होते. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. त्यातील कलम २१ नमुन्याविषयी आहे. अधिकाऱ्याने कारखानदाराला जागेवरच नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, प्रत्येक भाग पात्रात घालून त्यावर खूण व मोहोर करावी, दोघांनी सह्या कराव्यात, एक पात्र तत्काळ मंडळाच्या प्रयोगशाळेकडे आणि मागणी झाल्यास दुसरे शासनाने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावे. ही पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य धरला जाणार नाही. ही शिस्त चोख आहे. पण पात्र काचेचे की प्लॅस्टिकचे, काठोकाठ भरलेले की वर जागा सोडलेले, गार की गरम, याविषयी कलमात एक शब्दही नाही.

वस्तुस्थिती अशी की सांडपाण्याची बाटली हे एक लहानसे जिवंत जग असते. तिच्यातले सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्य खात राहतात आणि विरघळलेला प्राणवायू संपवत राहतात. नदी किती बिघडली हे मोजण्याचे आपले प्रमुख माप, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी किंवा बीओडी, याच भुकेवर आधारलेले आहे. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात ती पाच दिवसांच्या मुदतीने मोजण्याचे ठरविले, तेही ६५ अंश फॅरनहाइटला. आपल्या देशात नंतर २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस, हे आपल्या हवामानाला जवळचे माप मानकांत आले. पण ही परीक्षा प्रयोगशाळेत सुरू होण्यापूर्वीच बाटली जीपच्या मागच्या बाजूला उन्हात तापली, तर सूक्ष्मजीवांनी आपले जेवण वाटेतच उरकलेले असते. मग अहवालात आकडा कमी येतो. मोहोर शाबूत, सह्या शाबूत; फक्त प्रदूषण वाटेत घटलेले. या चुकीचा लाभ कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय रसायनशास्त्राने कायद्याच्या कितीतरी आधी शोधला होता. हंगेरीच्या लायोश विंकलर याने १८८८ मध्ये विरघळलेला प्राणवायू जागच्या जागी 'बांधून' ठेवण्याची युक्ती दिली. नदीकाठी बाटलीत बुडबुडाही राहू न देता पाणी भरायचे, त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कयुक्त आयोडाइड सोडायचे; तपकिरी साका बसतो आणि प्राणवायू त्यात अडकून राहतो. मग मोजणी काही तासांनी झाली तरी चालते. पुढे प्रत्येक घटकाचा असा स्वतंत्र आचार ठरत गेला. बीओडीच्या नमुन्यात रसायन घालायचे नाही, तो चार अंशांच्या आसपास थंड ठेवायचा. रासायनिक प्राणवायू मागणीसाठी गंधकाम्लाने पीएच दोनच्या खाली आणायचा. धातूंसाठी नायट्रिक आम्ल, सायनाइडसाठी उलट तीव्र अल्क. तेल व ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली, कारण तेल प्लॅस्टिकला चिकटते. जंतुपरीक्षेसाठी निर्जंतुक बाटली, थोडी जागा मोकळी सोडून. आणि पाण्यात क्लोरिन असेल तर थायोसल्फेट, नाहीतर क्लोरिन वाटेतही जंतू मारत राहील आणि पाणी होते त्यापेक्षा शुद्ध ठरेल.

आता हे कलम २१ शेजारी ठेवून पाहा. कायदा एका नमुन्याचे दोन भाग करा म्हणतो. शास्त्र सांगते की एकाच नाल्याच्या पाण्यासाठी चार-पाच निरनिराळ्या बाटल्या लागतात. तेलाच्या परीक्षेची बाटली तर वाटून घेताच येत नाही, कारण तेलाचा काही अंश पहिल्या भांड्याच्या भिंतीलाच राहतो. गाळ असलेले पाणी ओतताना नीट ढवळले नाही तर एका भागात गाळ आणि दुसऱ्यात निवळ पाणी जाते, आणि दोन प्रयोगशाळांचे दोन अहवाल प्रामाणिकपणेच परस्परविरोधी येतात.

न्यायालयांनी कायद्याची मोहोर काटेकोरपणे पाहिली आणि ते त्यांचे कामच होते. १९८६ मध्ये दिल्ली बॉटलिंग कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने कलम २१ ची पद्धत पाळली गेली नाही म्हणून विश्लेषणाचा अहवाल अग्राह्य ठरविला. अशा निर्णयांनंतर क्षेत्रीय अधिकाऱ्याचे सारे लक्ष सही, शिक्का आणि पोच यांवर एकवटले तर नवल नाही. ज्या चुकीमुळे खटला पडतो ती चूक तो टाळतो. ज्या चुकीमुळे केवळ आकडा खोटा ठरतो ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बर्फाची पेटी हा म्हणूनच साधनसामग्रीच्या यादीत शेवटी राहणारा जिन्नस ठरला.

मातीचा प्रवेश या कायद्यांत उशिरा झाला. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याच्या कलम ११ मध्ये हवा, पाणी यांबरोबर मातीचाही नमुना घेण्याचा अधिकार आला. येथे दोन भाग करण्याची अट नाही, पण नोटीस, मोहोर आणि सह्या आहेत. शेतीखात्याला मातीचे नमुने नवे नव्हते. १९५५-५६ पासून देशात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा होत्या. व्ही आकाराचा खड्डा, पंधरा सेंटिमीटर खोली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकणे, सावलीत वाळवणे, कापडी पिशवी, ही पद्धत कृषिसहायकाला पाठ होती. परंतु स्फुरद-पालाशसाठी योग्य असलेली हीच वाळवणी प्रदूषणाच्या तपासात घातक ठरू शकते. उडून जाणारी द्रावके आणि काही अंशी पारा वाळवताना हवेत निघून जातो. अशी माती ओलसरच, घट्ट बंद काचेच्या बरणीत, थंड ठेवावी लागते. म्हणजे दोन खात्यांची 'नमुना' या शब्दाची समजूतच निराळी होती.

माती नीट जपली तर ती किती काळ बोलते, याचे उदाहरण इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे आहे. १८४३ मध्ये सुरू झालेल्या तेथील प्रयोगांच्या माती व पिकांचे नमुने बाटल्यांत जतन केलेले आहेत, आणि नमुने घेणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेल्या प्रदूषकांचा इतिहास पुढच्या शतकातील शास्त्रज्ञांनी त्यांतून वाचला.

आपल्याकडे अशी साक्ष मोलाची ठरल्याचे उदाहरण म्हणजे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातले बिछडी गाव. तेथे १९८७ च्या सुमारास एच-ॲसिड या रंगोद्योगातील रसायनाचे उत्पादन सुरू झाले. ते लवकरच बंदही पडले. पण विषारी गाळ जमिनीवर राहिला, पावसाने खाली झिरपला आणि विहिरींचे पाणी पिण्यास व शेतीस निरुपयोगी झाले. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या माती व भूजलाच्या तपासणीवर मोठी भिस्त ठेवली आणि दूषित करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व ठाम केले. पुढे निश्चित झालेली निस्तारणाची रक्कम ३७.३८५ कोटी रुपये होती. कारखानदारांनी ती टाळत आणलेली प्रकरणे चालूच राहिली आणि २०११ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश दिला. येथे वाट रिट याचिकेची होती, फौजदारी खटल्याची नव्हती. म्हणून तज्ज्ञांचा अभ्यास समग्रपणे वाचला गेला. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणालाही पुरावा कायद्याचे बंधन नाही. पण मोहोरेचे बंधन जेथे सैल होते, तेथे नमुना कसा जपला गेला हा प्रश्न अधिकच वजनदार होतो.

खटल्याचा संबंध नसतानाही हा प्रश्न जिवावरचा असू शकतो. १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा संबंध कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो कूपनलिका तपासल्या. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टीतही तेच विष आढळले. या पाण्यात बहुधा लोहही असते. खोलातून वर आलेले पाणी हवेला लागले की लोह गंजासारखे तळाशी बसते आणि आर्सेनिकला आपल्याबरोबर घेऊन बसते. बाटलीत आम्ल घातले नसेल आणि वरचे निवळ पाणी तपासले, तर आकडा खऱ्याहून कमी येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्राम ही मर्यादा असताना काही थेंब आम्लाच्या अभावी एखाद्या पंपावर 'सुरक्षित' असा शेरा पडू शकतो, आणि त्या पंपावर एक पिढी पाणी भरत राहते.

प्रशासनाने हे ओळखले नाही असे नव्हे. भारतीय मानक ३०२५ च्या पहिल्या भागाने १९८७ मध्ये नमुना घेण्याची पद्धत मांडली. १९९५ ते २००३ या काळात चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण उभे केले. २००५ च्या एकसमान जलगुणवत्ता संनियंत्रण आदेशाने निरनिराळ्या संस्थांना एका पद्धतीखाली आणले. २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यातील अनेक अपराधांचा तुरुंगवास जाऊन आर्थिक दंड आला. दंडाची रक्कम ठरविणाऱ्या अधिकाऱ्यापुढेही अखेर एका बाटलीचाच आकडा असणार.

म्हणून या इतिहासातून निघणारी सूचना साधी आहे. नमुन्याच्या पंचनाम्यात सह्या व मोहोर यांच्या रकान्यांशेजारी आणखी चार रकाने सक्तीचे असावेत : नमुना घेतल्याची वेळ, घातलेले परिरक्षक, प्रयोगशाळेत पोचतानाचे तापमान आणि परीक्षा सुरू झाल्याची वेळ. यांपैकी एकही रकाना रिकामा असेल तर आकडा अहवालात जाऊ नये. फॉर्मॅलिनचे दोन थेंब नियमात लिहिण्याइतकी दक्षता आपण १९५५ मध्ये दुधासाठी दाखविली होती. नदीच्या पाण्यासाठी आणि गावच्या मातीसाठी तेवढीच मागणी आहे, आणि तिचा खर्च एका बर्फाच्या पेटीहून फार मोठा नाही.