सर्पाचें भय आणि सर्पाचें मोल

श्रावण शुद्ध पंचमीस आमच्या घरांतून जी कहाणी वाचली जाते, तींत पहिला अपराध नागाचा नसून नांगराचा आहे. शेतकरी शेत नांगरीत असतां वारुळांतील नागिणीचीं पिलें फाळ लागून मरतात. नागीण येऊन पाहते तों वारूळ नाहीं, पिलें नाहींत. मग ती शेतकऱ्याच्या साऱ्या घरादारास दंश करिते आणि परगांवीं दिलेल्या त्याच्या लेकीचाहि सूड घेण्यास निघते. तेथें लेक पाटावर नाग काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून पूजा करीत बसलेली तिला दिसते. तिचा राग शमतो व माहेरचीं माणसें उठविण्यासाठीं ती लेकीच्या हातीं अमृत देते. त्या दिवशीं जमीन नांगरूं नये, कांहीं चिरूं नये, तळूं नये, हे नियम या कहाणीच्या शेवटीं येतात, आणि उकडलेल्या दिंडांचा बेत त्यामुळेंच ठरतो. आमच्यांतील सुशिक्षितांनीं हें व्रत भोळेपणाचें म्हणून सोडलें, तरी त्यांतील एक निरीक्षण सोडण्यासारखें नाहीं. माणसाची व सापाची गांठ बहुधा शेतांत पडते, आणि ती ऐन पावसाळ्यांत पडते.

हें भय उपजत कीं शिकविलेलें, हा वाद फार जुना. अमेरिकेंतील सूझन मिनेका या विदुषींनीं १९८० नंतरच्या दशकांत माकडांवर केलेले प्रयोग या बाबतींत मोठे बोलके आहेत. प्रयोगशाळेंत वाढलेलीं माकडें सापास भीत नव्हतीं. परंतु सापास पाहून घाबरलेलें दुसरें माकड त्यांना दाखविलें कीं तींहि भिऊं लागत. तेंच माकड जणूं फुलास घाबरत आहे असें चित्रपटांत भासविलें, तर मात्र फुलाचें भय कांहीं केल्या त्यांच्या मनांत उतरेना. म्हणजे धडा शिकावा लागतो खरा, पण सापाचा धडा चटकन् पाठ होतो. २०१३ सालीं तर माकडांच्या मेंदूंत सर्पाचें चित्र दिसतांच इतर चित्रांपेक्षां अधिक जोरानें व त्वरेनें चेतणाऱ्या पेशी सांपडल्या. डोळा ज्याच्यापासून सावध राहण्यास घडला, त्याच्यावरच तो खिळून राहतो. गारुड्याच्या पुंगीभोंवतीं जमणारीं पोरें भितातहि आणि हलतहि नाहींत, याचें कारण आम्हांस येथेंच दिसतें.

परंतु भय माणसाच्या मनांत असतें तोंवर तें वेगळें, आणि सरकारी दप्तरांत गेलें म्हणजे वेगळें. पॅट्रिक रसेल या वैद्यानें कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांचें सचित्र वर्णन १७९६ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या घोणशीस इंग्रजींत आजहि त्याचेंच नांव आहे. पुढें कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील जोसेफ फेरर यानें १८६९ सालचे सर्पदंशाचे बळी प्रांतोप्रांतींच्या अधिकाऱ्यांकडून मागविले. देशाच्या सुमारें अर्ध्या भागांतून आलेली बेरीज ११,४१६ भरली. १८७२ सालीं रंगीत चित्रांनीं नटलेला त्याचा ग्रंथ लंडनास निघाला. या आंकड्यांनीं सरकार दचकलें, आणि वाघ-लांडग्यांप्रमाणें सापाच्या डोक्यावरहि इनाम लावण्याच्या जुन्याच उपायास नवा जोर चढला.

या उपायाची परीक्षा आमच्या कोंकणांत पूर्वींच होऊन गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यांतील सडे आणि कातळ हें फुरशांचें माहेरघर. फुरसें दिसावयास क्षुद्र. हातभर लांबी, मातकट अंग, त्यावर फिकी नक्षी. डिवचलें म्हणजे वेटोळ्यावर वेटोळें घांशीत करवत चालल्यासारखा आवाज काढतें. चपळाई व चिडखोरपणा यांत मात्र तें मोठमोठ्या सापांस हार जात नाहीं. त्याच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नष्ट होते, हिरड्यांतून व जुन्या जखमांतून रक्त वाहूं लागतें, आणि माणूस कधीं कधीं कित्येक दिवसांनीं दगावतो. (उतारा पडला म्हणून मांत्रिकास दक्षिणा देऊन झाल्यावर घरांत सुतक यावें, असा हा फसवा साप!) १८६२ च्या डिसेंबरांत सरकारनें फुरशांसाठीं खास बक्षीस लाविलें, तेव्हां अवघ्या आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक फुरशीं मारून आणण्यांत आलीं. बक्षीस चालू असलेल्या सहा वर्षांची सरासरी दरसाल सव्वादोन लाखांच्या आसपास पडते.

हे आंकडे कोणास पराक्रमाचे वाटतील. आम्हांस ते उलट बाजूनें वाचावेसे वाटतात. ज्या एका जिल्ह्यांत वर्षामागून वर्ष लाखांनीं साप मारले जातात आणि तरीहि मारावयास उरतात, तेथें मारण्यानें प्रश्न सुटत नव्हता हें उघड आहे. शिवाय बक्षिसासाठीं दगड उलथणारे हातहि उघडे होते आणि कातळावरून चालणारे पायहि अनवाणी होते. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नोंदलेले बळी दरसाल वीस हजारांच्या घरांतच राहिले. अधिकारी याचा दोष लोकांच्या सर्पपूजेवर टाकीत. परंतु कोंकणांतला कुणबी आंधळेपणानें सापास सोडीत नव्हता. फण्याच्या नागास तो हात जोडी व वाट देई, आणि फुरसें दिसलें कीं ठेंची; फुरशाची पूजा कोठें होत असल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. त्याचें भय व त्याची भक्ति यांस स्वतःचा हिशेब होता. नुसत्या मेलेल्या सापांची गणती करणाऱ्या दप्तरास तो वाचतां आला नाहीं, इतकेंच.

उपाय शेवटीं निघाला तो जिवंत सापाच्या दांतांतून. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यानें १८९० नंतरच्या दशकांत नागाच्या विषावर पहिली प्रतिविषाची लस सिद्ध केली. घोड्यास विषाच्या लहान मात्रा चढत्या क्रमानें द्यावयाच्या आणि त्याच्या रक्तांत तयार झालेलें प्रतिविष माणसास टोंचावयाचें, अशी ही कृति. ही लस सर्व विषांवर चालेल असें काल्मेतास वाटत होतें. मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत काम केलेल्या जॉर्ज लँब यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें कीं नागाची लस घोणशीच्या विषापुढें लुळी पडते. तेव्हांपासून प्रत्येक जातीचें विष वेगळें मिळविणें भाग पडलें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर एकत्र चालणारी लस पुढें परळच्याच हाफकिन संस्थेंत होऊं लागली. ज्या फुरशाचें मेलेलें धूड सरकार विकत घेत होतें, त्याच्या जिवंत विषाची आतां गरज पडूं लागली.

लस असूनहि बळी थांबले नाहींत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दरसाल साधारण ५८,००० माणसें, बहुतेक खेड्यांतलीं, आणि जवळजवळ निम्मीं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कहाणींतला नांगर तेव्हांच चालत असतो. २०२४ सालीं केंद्र सरकारनें २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचा बेत जाहीर केला. त्यांत अडचण एवढीच नाहीं कीं दवाखाना दूर आहे. एकाच जातीच्या सापाचें विष प्रांताप्रांतांत वेगळें असूं शकतें, आणि लशीसाठीं लागणारें विष बहुतांशीं एकट्या तामिळनाडूंतून येत आलें आहे. तेथील सापांच्या विषावर बेतलेली लस सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे सारखीच लागू पडेल, असें धरून चालतां येत नाहीं.

तें विष काढणारे लोक इरुळ जमातीचे. पिढ्यान् पिढ्या साप पकडणें हा त्यांचा धंदा. कातड्याच्या व्यापारासाठीं त्यांनीं असंख्य साप मारले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो व्यापार बुडाला, आणि १९७८ सालीं मद्रासजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली. पकडलेले साप तेथें मातीच्या मडक्यांत, तोंडास फडकें बांधून ठेवितात. तीन-चार आठवड्यांत कांहीं वेळां त्यांचें विष काढून घेतात. नंतर, तोच साप लौकर पुन्हां पकडला जाऊं नये म्हणून, पोटावरचा एक खवला खुणेसाठीं किंचित् कापून त्याला रानांत सोडून देतात.