वेगाची हाव आणि उष्णतेचा हिशेब



गेल्या मे महिन्यात माझा एक माजी विद्यार्थी घाबऱ्याघुबऱ्या घरी आला. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिलेला संगणक भर दुपारी बंद पडत होता. चौकशीअंती कळले की, खेळ जलद चालावेत म्हणून त्याने प्रोसेसरचा वेग परस्पर वाढविला होता. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ही खोड की विद्या, हे ठरविण्यापूर्वी तिचा इतिहास पाहणे उचित होईल.

प्रत्येक प्रोसेसर विजेच्या ठोक्यांच्या तालावर चालतो. १९७१ साली आलेल्या इंटेलच्या ४००४ या चिपचा ताल सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोके होता. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये तो ४७ लाखांवर गेला. १९९८ साली सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप आली. तिच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० ची चिप बहुधा ४५० मेगाहर्ट्‌झवर चाले. थोड्या पैशांत महागड्या चिपचे काम होऊ लागले आणि हा छंद जगभर पसरला.

परंतु वेग फुकट मिळत नाही. चिपला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविले, तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते आणि तिची उष्णताच होते. याच उष्णतेपुढे हात टेकून इंटेलने २००४ साली ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडला. पुढे एकाच चिपमध्ये अनेक गाभे बसविण्याचा मार्ग रूढ झाला.

आपल्या पुण्यात या मार्गाची वाट आधीच चोखाळली गेली होती, जरी कारण वेगळे होते. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडून एकच काम वाटून दिले होते. एका बैलाला चाबूक मारण्यापेक्षा चार बैल जुंपावेत, तसाच हा प्रकार.

आता आपल्या असोद्याचा विचार करू. चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापते असे धरा. जानेवारीत खोली २० अंशांवर असेल, तर चिप ६५ वर राहील. मे महिन्यात खोलीच ४० वर गेली, तर तीच चिप ८५ वर! वेग वाढविण्यास तेथे जागा उरतेच कोठे?

तरीही ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी क्रम पाळावा. आधी धूळ झाडावी, पंखे तपासावेत, थर्मल पेस्ट जुनी असल्यास बदलावी. वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मूळ वेगावरचे तापमान वहीत लिहावे. मग वेग थोडा थोडा वाढवावा. ग्राफिक्स कार्डाचा एका वेळी २५ मेगाहर्ट्‌झपेक्षा अधिक नको. प्रत्येक पायरीनंतर संगणकावर पूर्ण भार टाकून चाचणी घ्यावी. प्रोसेसर व कार्ड एकाच वेळी बदलू नयेत, नाहीतर दोष कोणाचा हे कळत नाही. तापमान ८५ च्या वर जाऊ लागले किंवा पडद्यावर ठिपके दिसू लागले, तर एक पायरी मागे यावे. व्होल्टेजला नवशिक्याने हात लावू नये.

त्या मुलाचा संगणक मूळ वेगावर आणला, धूळ काढली, आणि तो सुरळीत चालू लागला. वडिलांनी मुलाला रागावून संगणक कुलूपबंद करण्याचे ठरविले होते. मी त्यांना थांबविले. पालकहो, मुलाची जिज्ञासा बंद करू नका, तिच्या हाती वही द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, यंत्राची मर्यादा ओळखणे हीसुद्धा विद्याच आहे.