नजर कोठे ठेवावी?

बंदुकीवर माशी असते, तिच्या आधाराने नेम धरता येतो. साध्या धनुष्यावर असे काहीच नसते. मग तिरंदाज नेम धरतो तरी कसा?

केंब्रिजमधील शिक्षक रॉजर आस्कम यांनी १५४५ साली 'टॉक्सोफिलस' या पुस्तकात हा प्रश्न हाताळला. उभे राहणे, बाण जोडणे, दोरी ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. नजर मात्र बाणावर नको, लक्ष्यावरच हवी, असा त्यांचा आग्रह होता. नवशिक्याची नजर बाणाकडे वळते. त्यावर उपाय म्हणजे रात्री दिव्यांच्या रोखाने बाण मारणे. अंधारात बाण दिसणारच नाही!

यामागचे कारण पाहू. इंग्लिश तिरंदाज दोरी कानापर्यंत ओढत, त्यामुळे बाण डोळ्याच्या रेषेत नसे. शिवाय बाण वाटेत खाली येतो. सेकंदाला ५० मीटर वेगाने आडवा सोडलेला बाण ५० मीटर अंतर कापेपर्यंत सुमारे ५ मीटर खाली येईल. म्हणून तो लक्ष्याच्या वर रोखावा लागतो. किती वर, हे हात सरावाने शिकतो. चिंचा पाडताना आपण दगड असाच मारतो.

'मेरी रोझ' हे इंग्लिश जहाज १५४५ सालीच बुडाले. १९८२ साली ते वर काढले गेले. त्यावरची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली, मोजता आली. ती ओढणाऱ्या हातांचा सराव मात्र हातांबरोबरच गेला. आपल्या विषयात पुस्तकात मावणारे किती आणि करूनच येणारे किती, याचा आपणही विचार करायला हवा.